भंगारवाल्याला जरा थांबव!

मित्रा,

काल फोनवर तू सहज बोलून गेलास ना, की ऑफिसातले कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाहीत म्हणून भंगारात काढतायत, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, ती मशीनं भंगारात न घालता मी शिकवतो त्या पोरांना दे. हे टाइप करतोय तोही असाच कुणीतरी दिलेला जुना लॅपटॉप आहे, स्क्रीन अर्धा काळा पडलाय म्हणे. म्हणे म्हणजे बायको सांगते, मला अंधाला काय फरक पडतो! मी तर ब्राइटनेस शून्यावरच ठेवतो, तेवढीच बॅटरी जास्त चालते.

हॉस्टेलला तू मला नोट्स वाचून कॅसेटवर रेकॉर्ड करून द्यायचास, आठवतं? उपकार आहेतच रे तुझे, पण काय आणि कधी वाचायचं ते तुझ्या मूडवर, परीक्षेला रायटर येईल की टांग देईल याचं टेन्शन वेगळं, आणि घरून आलेलं पत्रसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, त्यात दादाने घरातली भांडणं लिहिलेली असायची. आता बँकेचा मेल असो की शुगरचा रिपोर्ट, कानात हेडफोन घातला की झालं, कुणाला विचारायला नको आणि कुणाला कळायला पण नको.

हे ज्याच्यावर चालतं ते एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, स्क्रीन रीडर, चक्क फुकट आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने सुरू केलं, मग त्याचा मित्र जेम्स तेह त्यात आला, दोघंही अंध. त्याआधी जॉज नावाचा स्क्रीन रीडर होताच, पण ते विकत घ्यायचं तर जुन्या कॉम्प्युटरपेक्षा सॉफ्टवेअरच महाग. एनव्हीडीए पेनड्राइव्हवरून पण चालतं, आणि त्यातच ई-स्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज येतो. ऐकायला एकदम भिकार, रोबोट कुठला, पण इतका हलका की जुनं मशीन अडखळत नाही, आणि मी तो एवढा फास्ट लावतो की शेजारच्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. फक्त जुन्या फॉन्टातलं, म्हणजे युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत नसलेलं, मराठी आलं की तो काहीच्या काही बरळतो, आणि स्कॅन करून टाकलेला जीआर असला तर गप्पच, मग चित्रातली अक्षरं ओळखणारं ओसीआर लावत बसा. म्हणजे बघ, अडतं ते मशीन जुनं म्हणून नाही, लोक फाइली अशा बनवतात म्हणून.

आणि हे फक्त आम्हा अंधांचंच नाही. शिफ्ट पाचदा दाबलं की एक बॉक्स येतो ना, ज्याला तू शिव्या घालतोस? ते स्टिकी कीज. मी रविवारी जिथे शिकवायला जातो तिथे सेरेब्रल पाल्सीचा एक मुलगा आहे, त्याचं एकच बोट नीट चालतं, त्याला कॉपी करायला कंट्रोल आणि सी एकदम कसं दाबता येणार? हे चालू केलं की एकामागून एक दाबलं तरी चालतं. बोलताना त्याचं एक वाक्य पुरं व्हायच्या आत लोक मान डोलावून निघून जातात, टाइप करायला लागला की मात्र माझी पण टर उडवतो, कार्टं.

ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला हे खरंय, म्हणून नेटला जोडायची मशीनं आपण विंडोजऐवजी लिनक्स या फुकटच्या सिस्टीमवर घेऊ, त्यात ओर्का नावाचा स्क्रीन रीडर आहे, तोही फुकट. शिकवायला मी आहे, नुसता डबा नेऊन ठेवला तर वर्षभर टॉवेलखाली झाकून राहतो, पाहिलंय मी.

तर हार्डडिस्क पुसून घ्यायला सांग, हेडफोनचं भोक चालू आहे का बघ, आणि कीबोर्डवर एफ आणि जे वरचे उंचवटे झिजलेत का ते बोटानेच चाचप, माझी बोटं तिथूनच रस्ता शोधतात. फुटक्या स्क्रीनचे लॅपटॉप माझ्या अंध पोरांना, धडके त्या एका बोटाने टाइप करणाऱ्या कार्ट्यासारख्यांना. भंगारवाला किलोला काय भाव देतोय तेवढं कळव, तुझ्या साहेबांना फोन करायच्या आधी आकडा हाताशी हवा.

तुझा,
हॉस्टेलचा पार्टनर