बैठकीचा दिवस, वेळ आणि जागा छापावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या बडोद्याच्या पानावर कीर्तने, व्याख्याने, आरोग्य शिबिरे आणि वधू-वर मेळावे यांच्या वेळा नियमाने येतात. त्याच सदरात आठवड्यातून एकदा आणखी दोन ओळी याव्यात, एवढ्यासाठी हे पत्र आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए. ए.) या संघटनेच्या, बैठका शहरात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि नेमक्या कुठे भरतात, हे त्या ओळींत असावे.

मी या बैठकांना सात वर्षे जात आहे, मात्र पहिल्या बैठकीपर्यंत पोहोचायला मला अडीच महिने लागले. एका परिचिताने चिठ्ठीवर लिहून दिलेला पत्ता घेऊन पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी मी एका शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. पहारेकऱ्याने विचारले, "शेनी मिटिंग?" उत्तर ओठांवर होते, पण गुजरातेत 'दारू' हा शब्द गणवेशातल्या अनोळखी माणसासमोर उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही आणि मी "पालकांची" असे काहीतरी बोलून गेलो. "आजे कशुं नथी," तो म्हणाला. ते खरेच होते, कारण तो गट तिथून केव्हाच दुसरीकडे हलला होता. परतताना मी कुठे गेलो ते सांगायला नको. ती वाट मला दारूबंदीच्या शहरातही कधी कुणाला विचारावी लागली नव्हती.

१९६० साली राज्य स्थापन झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदाच पुढे चालू राहिला आणि त्यानुसार परवान्याशिवाय पिणे हा गुन्हा आहे. तो कायदा असावा की नसावा यावर मला येथे बोलायचे नाही, आणि ए. ए. तर असल्या बाहेरच्या प्रश्नांवर मतच देत नाही. परंतु "मला दारू सुटत नाही" हे सांगताना पुण्याच्या किंवा इंदूरच्या माणसाला जी लाज वाटते, तिच्या जोडीला बडोद्याच्या माणसाला भीतीही वाटते. तो डॉक्टरांनासुद्धा 'ॲसिडिटी' एवढेच सांगतो. म्हणून स्पष्ट लिहितो की बैठकीत हजेरीपट नसतो, आडनाव विचारले जात नाही आणि फीही नसते. दारू सोडण्याची इच्छा ही सभासदत्वाची एकच अट आहे.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झाले, आणि आजही बैठकीत मुख्यतः बोलणे आणि ऐकणेच असते. तिथे ऐकलेले बाहेर सांगायचे नसते, म्हणून माझेच सांगतो. मी बाटली देवघराखालच्या कपाटात, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलमागे ठेवत असे. हे पहिल्यांदा चारचौघांत बोललो तेव्हा मान वर करण्याची हिंमत नव्हती, पण कुणी नाक मुरडले नाही, आणि चहाच्या वेळी शेजारच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, "आणि चतुर्थीला मखर काढायच्या वेळी?" मी कितीतरी दिवसांनी हसलो. त्यांनी तो प्रश्न अनुभवातून विचारला होता, हे मला नंतर कळले.

नवख्या माणसाचा गोंधळ आणखी एका गोष्टीने होतो. काही बैठका 'खुल्या' असतात, तिथे पत्नी, भाऊ, डॉक्टर, कुणीही येऊ शकते. 'बंद' बैठक केवळ मद्यपाशात सापडलेल्यांसाठी असते. छापताना हा शब्द आणि बैठकीची भाषा अवश्य द्यावी. घरच्यांसाठी १९५१ पासून चालत आलेली अल-ॲनॉन ही वेगळी संघटना आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने बैठकीच्या उत्साहात एकदम बाटली टाकू नये; दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि त्यासाठी आधी डॉक्टरच हवेत. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्राच्या सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळतात. उरलेल्या सदतीसांपैकी काही जण तरी माझ्यासारखे चुकीच्या फाटकाशी उभे राहिले असतील.

बडोद्यातील मराठी संस्थांनाही एक विनंती आहे. दांडिया बाजार, रावपुरा भागात आपली सभागृहे आहेत आणि ती संध्याकाळी बहुधा रिकामी असतात. आठवड्यातून दीड तास एक खोली द्यावी, मात्र फुकट देऊ नये. ए. ए. बाहेरून देणगी घेत नाही. सभासदांमध्ये फिरणाऱ्या डब्यातून चहाचा आणि जागेचा खर्च निघतो, आणि एका विश्वस्तांनी आम्हाला भाडे माफ केले तेव्हा त्यांना ते घ्यायला लावण्यात आमच्या दोन बैठका गेल्या होत्या.

सूचना छापण्यापूर्वी गटाला दर महिन्याला एक फोन करून जागा बदललेली नाही ना, एवढे विचारून घ्यावे. वृत्तपत्रात सभासदाने नाव देऊ नये अशी आमची परंपरा आहे, तेव्हा सोबत कळवलेले माझे नाव कृपया छापू नये.

आपला,
एक वाचक, बडोदे