आक्साच्या वाटेवर भरती-ओहोटीच्या वेळा लिहा

माननीय संपादक महोदय,

सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह समुद्रावर जायचे म्हटले की मालाड-कांदिवलीकडच्या कुटुंबांना आक्साचा किनारा जवळचा वाटतो. मालाड स्थानकाबाहेर २७१ क्रमांकाची बस पकडायची, पुरी-भाजीचे डबे आणि चटई घेऊन उतरायचे आणि सूर्यास्त पाहून परतायचे, हा बेत खिशालाही परवडतो. स्वच्छतागृहांची आणि पाय धुण्यासाठी गोड्या पाण्याची रड जुनीच आहे, तिच्यात शिरत नाही. माझी मागणी एवढीच, की त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा येणाऱ्या प्रत्येकाला ठळक अक्षरांत दिसाव्यात.

मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि पुढे रोज साधारण पाऊण तासाने लांबत जाते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा त्यावरच बेतलेला आहे. म्हणजे उधाणाच्या दिवसांत नेमके दुपारभर पाणी ओसरत असते आणि तीनच्या सुमारास, जेवणे आटोपून मंडळी पाण्याकडे वळतात तेव्हा, त्याला सर्वाधिक ओढ असते. ही ओढ वरून दिसत नाही. पाणी घोट्याइतकेच असते, पण लाट परतताना टाचांखालची वाळू सरकते, मूल हसत हसत एक पाऊल पुढे टाकते आणि पुढच्या खड्ड्यात एकदम कमरेपर्यंत जाते. आक्साच्या वाळूतले हे खड्डे जागाही बदलतात, त्यामुळे मागच्या वेळी सुरक्षित वाटलेली जागा या खेपेला तशी असेलच असे नाही. याउलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी आणि ओढही तुलनेने सौम्य असते. दिवस निवडण्याची सोय असलेल्या कुटुंबाला हे आधी कळले तर कितीतरी फरक पडेल.

पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस जाहीर होतात, त्यांची बातमीही होते. परंतु सहलींची खरी गर्दी दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात होते, आणि तेव्हा या विषयावर कोणी अक्षर काढत नाही. किनाऱ्यावर रंगवलेला धोक्याचा इशारा बाराही महिने तोच असल्याने तो कोणी वाचत नाही. जीवरक्षक शिट्ट्या वाजवून घसा कोरडा करतात, हे मान्य. पण समुद्रावर नेलेल्या नातवंडांना पाण्यात जाऊ न देणे हे कोणत्याही आजोबांना आजवर जमलेले नाही, त्यामुळे सरसकट मनाईपेक्षा ‘आज दुपारी बारा ते सहा ओहोटी, पाण्यात उतरू नये’ असे नेमके वाक्य अधिक उपयोगी पडेल. त्यासाठी एक फळा, खडू आणि रोज सकाळी दोन मिनिटे एवढेच लागते. असे फळे किनाऱ्याच्या प्रवेशाशी आणि मालाडच्या बसथांब्यावर संबंधित यंत्रणेने लावावेत.

आपल्याकडेही एक विनंती आहे. दैनिकात पंचांगासाठी जागा असतेच. निदान शनिवार-रविवारी त्याच चौकटीत मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात.

आपला,
एक वाचक, मालाड (पश्चिम)