आई, फोनवर तू बोलू देत नाहीस म्हणून

आई, बाबा,

काल आई तू म्हणालीस "पोटुशी आहेस, आता चालणं बंद, गप पडून रहा" आणि मी हो हो केलं आणि आज सकाळी परत चालून आले, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

बाबा, अजिंक्यताऱ्याचा चढ मी कधीच सोडलाय, तुमची शप्पथ. सपाट रस्त्याने अर्धा तास, आठवड्यातनं पाच दिवस, बास. डॉक्टर म्हणाल्या चालता चालता बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली की वेग कमी करायचा. मी बोलायची थांबले की हे लगेच बसायला जागा शोधतात (यांना तेवढीच शांतता). उताणं झोपून करायचे व्यायाम आता बंद, पोटाच्या वजनाने आतली मोठी शीर दबते नि गरगरतं. अंगावरनं रक्त किंवा पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं तर चालणं सोडून सरळ दवाखाना, हे यांना पण पाठ आहे.

आणि आई, मी पोटात असताना तू आठव्या महिन्यापर्यंत द्राक्षबागेत थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) जात होतीस, आजीच सांगायची. तेव्हा तुला कुणी बस म्हटलं नाही म्हणून तू मला बस म्हणतेस, कळतं गं मला.

दोन जिवांचं खा म्हणतेस, पण डबल जेवायचं नसतं, आत्ता रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ नि थोडं दही. माझं हिमोग्लोबिन १०.२ आलंय, ११ तरी पाहिजे, म्हणून लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते, कॅल्शियमची वेगळ्या वेळेला, आणि गोळीच्या मागंपुढं तासभर चहा नाही. सगळ्यात अवघड हेच, सासूबाईंचा चहा नेमका तेव्हाच उकळतो! ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर ११८ आली, १४० च्या आत पाहिजे होती, तरी कंदी पेढे शेजारच्यांना देऊन टाकले. एक ठेवला, खोटं कशाला बोलू.

डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर कर, आत्ता नको. रविवारी येताना शाळूचं पीठ आणा, शेंगदाणे आणा, आणि बाबा, भडंगाचा छोटाच पुडा आणा, मोठा आणलात तर मी एका बैठकीत संपवीन.

तुमची,
ताई