तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, गावाचंही नाही. लिहिलं तर सोमवारी तुम्ही हजेरीपटात डोकं घालून बसाल आणि दिवसभर माझ्याशी बोलणार नाही, हे मला माहीत आहे.

यवतमाळ जिल्ह्यातली आपली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, पट 41. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे तुम्ही आणि मी. दोघींपैकी एक रजेवर गेली की दुसरीच्या गळ्यात चार वर्ग, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि "आजच्या आज पाठवा" म्हणणारे फोन. माझ्या बाळंतपणाच्या 180 दिवसांत बदली शिक्षक आलाच नाही. ते 180 दिवस तुम्ही एकटीनं काढले. मी मात्र तेव्हा रजेचे दिवस मोजत होते, ते कोणाच्या जिवावर चाललेत याचा हिशेब केला नव्हता.

मी रुजू झाले तोवर लोकसभेची निवडणूक आली. आपल्याकडे मतदान 26 एप्रिल 2024 ला होतं. ऑर्डर दोघींच्याही नावानं निघाल्या. मी अंगावर पिणाऱ्या बाळाचं कारण देऊन अर्ज केला आणि माझं नाव कमी झालं. तुमच्याकडे द्यायला कारण नव्हतं. एप्रिलच्या उन्हात आदल्या दिवशी मशीन घेऊन गेल्या, रात्र केंद्रावर काढली आणि मतदानानंतर पेट्या जमा करून घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. नंतर कोणीतरी म्हणालं, "मॅडमले काय, घरी कोण वाट पाहून राह्यलं?" मी तिथेच उभी होते. हसलेसुद्धा.

आणि मग माझं ते वाक्य. लेकरू रात्रभर जागलं होतं, माझे डोळे चुरचुरत होते आणि तुम्ही शांतपणे पोषण आहाराचं रजिस्टर भरत होत्या. मी म्हटलं, "तुमचं बरं आहे मॅडम. घरी गेलं की शांतता." तुम्ही मान वर केली नाही. तांदळाची शिल्लक लिहिली, खाली सही केली, पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

गेल्या श्रावणात लेकराला न्यूमोनिया झाला. यवतमाळच्या दवाखान्यात आठ दिवस. (त्याचे बाबा दुसऱ्या दिवशी पोचले. त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल, पण ते आभाराचं नसेल.) फोन सगळ्यांचेच आले, आणि सगळ्यांनी विचारलं ते बाळ कसं आहे हेच. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही जेवल्या का?" मला खरंच आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती डबा आला. ज्वारीची भाकर, घट्ट बेसन, फोडलेला कांदा आणि कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची चटणी. झाकणावर ठोक्यानं कोरलेलं तुमचं नाव. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी तो डबा खाल्ला आणि तिथेच रडले. घरी कोणी नाही ना, मग पहाटे उठून ह्या भाकरी कोणासाठी थापल्या, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

दवाखान्यातून सुटी झाली तो रविवार होता. तुम्ही न्यायला आल्या. एसटीत लेकरू तुमच्या मांडीवर झोपलं. बाहेर कपाशीत कोळपणीचे डवरे चालू होते. तुम्ही खिडकीकडे बघत सांगितलं, की अकरा वर्षं तुम्ही नागपूरला जात होत्या. इंजेक्शनं, तपासण्या, तारखा. रजेच्या अर्जावर दर वेळी लिहायच्या 'घरगुती कारण'. "आणि रजेचं नाव काय, तर किरकोळ रजा," म्हणाल्या, आणि तुम्हालाच हसू आलं. मग म्हणाल्या की तिसऱ्या खेपेला सगळं संपलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत कोणाच्या तरी पेढ्यांचा बॉक्स फिरत होता. तुम्ही एक घेतला आणि खाल्ला.

त्याच गाडीत तुम्ही दुसरंही बोलल्या, जे मला सगळ्यात आवडलं. "खरं सांगू? मलेही वाटे, लेकरंवाल्या बायका सबबी सांगतात. आज ताप, उद्या लस. आता मांडीवर हे दोन तास झोपून आहे तं पाय मुंग्या आल्यावरही हलवता येऊन नाही राह्यला." मी म्हटलं, द्या इकडे. तुम्ही दिलं नाही.

मॅडम, 2024 च्या संक्रांतीला बाळाच्या बोरन्हाणाला मी तुम्हाला बोलावलं होतं. पण बोरं आणि मुरमुरे टाकायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं आणि मी परात दुसऱ्या बाईकडे सरकवली. तुम्ही ते पाहिलं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. तान्ह्या पोळ्याला मात्र गावातले सगळे पोट्टे लाकडी बैल ओढत आधी तुमच्याच दारात येतात, कारण बोजाऱ्याला, म्हणजे बैल घेऊन आलेल्या पोरांना द्यायला, कोऱ्या दहाच्या नोटा फक्त तुमच्याकडेच असतात. पोरांना खुणावणारं कोणी नसतं.

चार वर्गांचे ते 180 दिवस, ती निवडणूक, ती भाकर आणि त्या दिवशी टोपण लावून गप्प राहिलात ते, या सगळ्यासाठी मनापासून आभार.

केंद्रप्रमुखांना मी सांगून ठेवलं आहे, की पुढची ड्युटी कसलीही असो, आपल्या शाळेतून पहिलं नाव माझं टाका. लेकरू आता मोठं झालं आहे, रात्री आजीजवळ राहतं. आणि डबा शनिवारी आणते. रिकामा आणायचा नाही म्हणून इतके दिवस राहिला. पुरणपोळी घालून आणते, पण तुमच्यासारखी पातळ नाही जमत.

तुमची,
दुसरी मॅडम