एकाच दिवशी तीन सामने कशासाठी?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

शालेय खो-खो स्पर्धांचे निकाल आपल्या क्रीडापानावर नियमित येतात. कोणी किती मिनिटे पळती केली आणि कोणी किती गडी टिपले, याचा त्यात चोख हिशेब असतो. मात्र तो खेळाडू त्या दिवशी कितव्या सामन्यासाठी मैदानात उतरला होता, हे कधीच कळत नाही.

खो-खो दमसासाचा खेळ खरा, पण त्याच्या रचनेतच विश्रांतीची सोय आहे. 9 मिनिटांच्या पाळीत संरक्षक तीन-तीनच्या तुकड्यांनी उतरतात. आक्रमकांपैकी आठ जण पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, बसलेले असतात आणि एकटाच धावतो. जाणता आक्रमक ऊर फुटेपर्यंत पळत न राहता वेळेवर खो देतो. कसलेला संरक्षकही साखळीत, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळताना, सारा वेग एकदम खर्च करत नाही. आक्रमकाला मागे फिरता येत नाही आणि खांबाला वळसा घातल्याखेरीज पाटीच्या पलीकडे जाता येत नाही, हे ओळखून तो दोन पावलांत बाजू बदलतो, समोरच्याला पळवतो आणि स्वतःचा श्वास राखतो. हे शहाणपण शिकवायला वर्षे लागतात, आणि स्पर्धेचे वेळापत्रक ते एका दुपारीत मातीत घालते.

गेल्या हंगामात एका स्पर्धेत 17 वर्षांखालील मुलींच्या एका संघाला एकाच दिवशी तीन सामने खेळावे लागले. सकाळी दोन मिनिटांहून अधिक पळती केलेली त्यांची मुलगी दुपारी तिसऱ्या सामन्यातही पहिल्याच तुकडीत उतरली आणि अर्ध्या मिनिटात बाद झाली. बाहेर येऊन ती गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी होती. कोपर खरचटलेले, पाण्याची बाटली रिकामी. "जीव तोडून पळायला काय झालं होतं?" असे तिला विचारले गेले. त्याच सामन्यात खो उशिरा देण्याचे आणि पाटीवर पाय पडण्याचे फाऊल भराभर वाढत होते. ती सारी दमलेल्या पायांची चिन्हे होती, बेशिस्तीची नव्हेत.

मैदानाचे भाडे, पंचांचे मानधन आणि बसचा खर्च या आयोजकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. मीही त्या निस्तरल्या आहेत. परंतु उद्घाटनाच्या सत्कारांत सकाळचे दोन थंड तास जातात आणि सामने ऐन उन्हात ढकलले जातात, याला पैशांची अडचण कारणीभूत नाही. एका संघाला दिवसात दोनच सामने, त्यांत किमान तीन तासांचे अंतर आणि सामन्यांचा क्रम आदल्या संध्याकाळी जाहीर, एवढे तरी क्रीडा कार्यालयांनी बंधनकारक करावे. क्रम आधी कळला, तर कोणती तुकडी कधी उतरवायची आणि कोणाला राखून ठेवायचे, हे प्रशिक्षकाला ठरवता येईल. आपल्या वार्ताहरांनीही पळतीच्या वेळेपुढे "दिवसातील तिसरा सामना" एवढे तीन शब्द जोडावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक