खड्ड्यात उतरल्याशिवाय मृदाशास्त्राची पदवी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यावरण व्यवस्थापन आणि मृदाशास्त्र हे विषय पदव्युत्तर पातळीवर एकत्र शिकवले जातात, हे मला अतिशय योग्य वाटते. मात्र वेळ आणि खर्च वाचवण्यासाठी अशा अभ्यासक्रमातून सर्वांत आधी शिवारातले काम कापले जाते. त्याला माझा ठाम विरोध आहे.

मातीतल्या सेंद्रिय कर्बाचे, म्हणजे कुजलेल्या जैविक पदार्थांतल्या कार्बनचे, उदाहरण घ्या. हवामानबदलामुळे ‘मातीत किती कर्ब साठला’ हा प्रश्न आता व्यवस्थापनाचाच झाला आहे. प्रयोगशाळा सांगते, कर्ब १ टक्का. पण हेक्टरी किती टन, हे काढायला मातीची स्थूल घनता, म्हणजे पोकळ्यांसह ठरावीक आकारमानातल्या कोरड्या मातीचे वजन, लागते. ती प्रति घन सेंटिमीटर १.३ ग्रॅम असेल, तर वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये हेक्टरी ३९ टन कर्ब निघतो, १.५ असेल तर ४५ टन. म्हणजे अवजड यंत्रे फिरून जमीन नुसती दबली, तरी कागदावर सहा टन कर्ब ‘वाढतो’! मातीत धातूची नळी ठोकून, तो नमुना १०५ अंश सेल्सिअसला वाळवून ज्याने स्वतः वजन केले आहे, त्याला ही फसगत लगेच कळते. केवळ तक्ता वाचणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाही.

जागेच्या निवडीचेही तसेच. वरच्या १५ सेंटिमीटरचा सामू (पीएच) आणि नत्र-स्फुरद-पालाश एवढ्यावर कचरा भरावासाठी जमीन योग्य की अयोग्य हे ठरत नाही. दीड-दोन मीटर खोल खड्डा घेऊन मातीचा उभा छेद पाहावा लागतो. खालच्या थरात राखाडी रंगावर तांबूस ठिपके दिसले, तर तिथे वर्षातला काही काळ पाणी साचून राहत असावे, ही खूण कोरड्या दिवसांतही वाचता येते. १८८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ दोकुचायेव यांनी रशियातल्या काळ्या मातीवर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला, त्यामागेही गवताळ प्रदेशभर फिरून केलेली छेदांची पाहणी होती. आधुनिक मृदाशास्त्राचा पाया तिथे घातला गेला.

प्रयोगशाळेबद्दलही सांगायला हवे. कर्ब मोजण्याची १९३४ सालची वॉकली-ब्लॅक पद्धत स्वस्त म्हणून अजून सर्रास वापरली जाते. तिच्यात सगळा कर्ब जळत नाही, म्हणून उत्तराला साधारण १.३ ने गुणतात. हा गुणक सगळ्या मातींना सारखा लागू पडत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे. शिवाय तिच्यात डायक्रोमेट हे क्रोमियमचे विषारी संयुग लागते. पर्यावरणाचे विद्यार्थी क्रोमियमयुक्त सांडपाणी बेसिनमध्ये ओतत असतील, तर ते अक्षम्य आहे. त्याची साठवण आणि विल्हेवाट हाच त्यांचा पहिला व्यवस्थापन प्रकल्प का असू नये?

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे : प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एका छेदाचे स्वतः खणून, थरवार वर्णन केलेले असावे आणि ती नोंदवही तोंडी परीक्षेत तपासली जावी. गटाने केलेल्या कामाची एकच प्रत सगळ्यांनी जोडलेली चालू नये.

आपला,
मृदाशास्त्राचा एक अध्यापक