पुरस्कार नेमका कशाला मिळाला?

मा. संपादक,

जाहिरातींत हल्ली सोनेरी पानांच्या कड्यात ‘पुरस्कारप्राप्त’ असा शिक्का सर्रास दिसतो. तो कोणी दिला, कोणत्या साली आणि कोणत्या गटात, हे शोधावे लागते. सगळ्यात जास्त लबाडी ‘कशाला दिला’ यात चालते. वेष्टनाच्या मांडणीला मिळालेले पारितोषिक आतल्या मालाचे म्हणून मिरवले जाते. घटक बदलतात, पण डब्यावरचे पदक तसेच राहते. अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेला छापताना ‘विजेता’ होतो.

विकाऊ पुरस्कारांची रीत ठरलेली आहे. आधी ‘आपली निवड झाली आहे’ असा मेल येतो. होकार दिला की प्रवेश शुल्क, मग समारंभातली टेबले, शेवटी बोधचिन्ह वर्षभर वापरण्याचा परवाना. गट इतके बारीक पाडलेले असतात की एका गटात एकच अर्ज. शुल्क घेतले म्हणून पुरस्कार खोटा ठरत नाही; परीक्षणाला खर्च येतोच. हरण्याची शक्यता होती का, एवढे विचारावे. उत्पादनांची गुणवत्ता तपासून पदके देणाऱ्या ब्रुसेल्सच्या ‘मोंड सिलेक्शन’ या संस्थेत (स्थापना १९६१) उत्पादनांची एकमेकांशी तुलना होत नाही. प्रत्येकाला गुण मिळतात आणि ठरलेली पातळी गाठणाऱ्या सगळ्यांना पदक. संस्था हे लपवत नाही. तिच्या सुवर्णपदकाचा अर्थ ‘सर्वांत पहिला’ असा लावला, तर तो जाहिरातदाराचा उद्योग.

आयएसओ ९००१, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक, तर पुरस्कारच नव्हे. मानके ठरवणारी आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते बाहेरच्या प्रमाणन संस्था देतात, तेही कामकाजाच्या व्यवस्थेला, मालाला नाही. तरी ‘आयएसओ सन्मानित’ छापले जातेच.

आमच्या जाहिरात क्षेत्राचे स्वतःचे घरही साफ नाही. २०२५ साली कान लायन्स या जाहिरातींच्या जागतिक पुरस्कार महोत्सवात ब्राझीलच्या एका जाहिरात एजन्सीला ‘ग्रां प्री’ हे सर्वोच्च पारितोषिक परत करावे लागले. प्रवेशिकेच्या व्हिडिओत एआयने फेरफार केलेली दृश्ये निघाली. अशाने कडक परीक्षणातून गेलेल्यांकडेही संशयाने पाहिले जाते. ते प्रवेशिका पाठवणे थांबवतात आणि मैदानात विकत घेणारेच उरतात.

जाहिरात स्वीकारताना आपल्या वृत्तपत्राच्या जाहिरात विभागाने चार गोष्टी मागाव्यात: पुरस्काराचे पत्र, त्या वर्षाची नियमावली, त्या गटातील प्रवेशिकांची संख्या आणि चिन्ह वापरण्याची मुदत. तपशीलही दाव्याला लागूनच छापावा. तळाशी तारांकित बारीक टीप मोबाइलवर कोणी वाचत नाही. ‘वेष्टन मांडणी गट, २०२३, अंतिम फेरी’ याला जागा ती किती लागणार? अडचण जागेची नाही. एवढे छापले की शिक्क्याचा रुबाब जातो.

आणि वृत्तपत्रे स्वतः सोहळे भरवतात तेव्हा प्रवेशिका किती आल्या व विजेत्यांपैकी प्रायोजक कोण, हे निकालाच्या बातमीतच द्यावे.

– जाहिरात व्यवसायातील काही वाचक